दुहेरी काठाचं मडकं

आव्यातून भाजून निघालेलं मडकं बोटाच्या पेराने वाजवून बघायचं असतं. पक्कं भाजलेलं खणकन वाजतं, आतून तडा गेलेलं भदभदतं. कुंभार वाजवायचा, त्याची म्हातारी आई कान देऊन ऐकायची, आणि भदभदलेलं जे काय असेल ते सुनेच्या पायाशी येऊन पडायचं. मग सुनेने ती खापरं पाटीत भरायची, वर आव्यातली राख ओतायची आणि पाटी डोक्यावर घेऊन टेकाडामागच्या मातीच्या जागेवर टाकून यायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिचंच होतं. कोणी वाटून दिलं नव्हतं. घरात जे काम कोणालाच नको असतं ते सुनेचं असतं, एवढी साधी गोष्ट.

सुनेला सगळे 'वरची' म्हणत. ती डोंगरावरच्या वस्तीतली. तिथली बोली वेगळी, आणि तिचं नाव सासूच्या जिभेला काही केल्या वळेना. पहिल्याच दिवशी सासू वैतागून म्हणाली, "ए वरची, पाणी आण," आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कुंभार जवान असताना बापाबरोबर मडक्यांची कावड घेऊन डोंगर चढायचा. तिथे त्याने हिला पाहिली आणि पुढच्या खेपेला एक माठ फुकट देऊन आला. बापाने वाटभर शिव्या घातल्या होत्या. वरची अजून कधी चिडली की म्हणायची, "एका माठात पडले मी तुम्हाला." कुंभार म्हणायचा, "माठ चांगला होता."

मातीच्या जागेला त्यांच्या घरची एक शिस्त होती. खड्डा घ्यायचा, चिकण माती संपून खाली मुरूम लागेपर्यंत खणायचं, आणि मुरूम लागला की तो खड्डा खापरांनी आणि राखेने भरून मिटवायचा. उघडा ठेवला तर गुरं पडतात आणि शेजारच्या खड्ड्याची भिंत ढासळते. मिटवलेल्या खड्ड्याला पुन्हा कुदळ लावायची नाही, कारण तिथे खापरांखेरीज हाताला काही लागणारच नसतं. कुंभाराच्या आज्याने हेच केलं, बापाने हेच केलं. टेकाडामागे आता उघड्या खड्ड्यांपेक्षा मिटवलेले खड्डेच जास्त होते. वरून गवत माजलेलं, आणि चालताना पायाखाली करकर वाजायचं.

त्या जागेचं नाव लहानसं होतं, एका श्वासात म्हणून होईल असं. इथे ते लिहायला नको. लिहिलं की ते कोणाच्या तरी एका भाषेचं होऊन बसेल, आणि त्यापायी जे व्हायचं ते होऊन चुकलं आहे. खालच्या लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ मऊ. साधं मऊ नव्हे. बोट दाबलं की आत जातं आणि काढलं की ठसा राहतो, तसलं मऊ. वरच्यांच्या बोलीत त्याच नावाचा अर्थ निजवलं. आई मुलाला झोळीत टाकून, झोका देऊन दबक्या पावलांनी बाहेर येते आणि घरातल्यांना सांगते ना, निजवलं म्हणून, ते. माणूस मातीआड करून परत आलेली माणसंही तोच शब्द वापरत.

नवीन नवरी असताना कुंभार पहिल्यांदा म्हणाला की त्या जागेवर जाऊन येतो, तेव्हा वरचीने हातातलं काम खाली ठेवलं होतं. कोण गेलं म्हणून तिने विचारलं. मग दोघांनी आपापला अर्थ सांगितला आणि पोट धरून हसले. कुंभार म्हणाला, "बरोबर आहे तुमचं पण. फुटकी मडकी निजवतोच की आम्ही तिथे."

तेव्हा हसायला येत होतं.

त्या साली पावसाळ्याच्या शेवटी वरच्या वस्तीचा कडा कोसळला. घरं वाचली, पण वस्तीमागचा उतार, जिथे ते आपली माणसं पुरत, तो सगळा ओढ्यात आला. माणसं कुजलेल्या झाडांबरोबर चिखलातून आपापली हाडं शोधत होती. कोणाला सापडली, कोणाला नाही. वरचीची आई दोन वर्षांमागेच गेलेली, त्यामुळे ती ओळखू आली. घोंगडीवरून ओळखली.

पाऊस उघडल्यावर वरचीचा थोरला भाऊ खाली आला. आव्याची रचाई चालली होती. कुंभार मडक्यांवर मडकी उपडी रचत होता, म्हातारी मधल्या फटीत गवत कोंबत होती, वरची पेंढ्या पुरवत होती. दादा अंगणाच्या कडेला उभा राहिला. पाणी दिलं तर घेतलं, बस म्हटलं तर बसला नाही.

"आईला गोठ्यात ठेवलंय," तो वरचीला आपल्या बोलीत म्हणाला. "मिठात. गुरं बाहेर बांधलीत."

वरचीच्या हातातली पेंढी खाली पडली.

"खडकावर पुरता येत नाही, उतार उरला नाही. म्हातारे बसले होते सगळे. ते म्हणतात, आपले सगळ्यांत जुने लोक खाली पुरलेत. नावच आहे ना त्या जागेचं. आपल्याच बोलीतलं नाव. आपण वर सरकलो आणि हे लोक येऊन बसले."

"दादा, ती ह्यांची मातीची जागा आहे."

"तू ह्यांची झालीस. जागा नाही झाली."

"काय म्हणतोय?" कुंभाराने विचारलं. वरचीने सांगितलं. आईचं सांगितलं, जागेचं सांगितलं, शेवटचं वाक्य तेवढं गाळलं. म्हातारी गवत कोंबायची थांबली. म्हणाली, "बाईला गोठ्यात ठेवली? अरे रे." आणि मग पदराने नाक पुसून म्हणाली, "पण माती गेली तर आपण काय चाकावर शेण फिरवायचं?"

खोटं कोणीच बोलत नव्हतं, हेच वाईट होतं. लबाड माणसाशी भांडता येतं. इथे एकीकडे गोठ्यात पडलेली आई होती आणि दुसरीकडे घरातली चूल. आणि दोन्हींची बोली येणारी अशी ही एकच बाई होती.

तंटा कचेरीत गेला. कचेरीतून साहेब आला, बरोबर दोन खणणारे मजूर. साहेब तिसऱ्याच मुलखातला होता. खालची बोली त्याला कामापुरती येई, वरच्या वस्तीची अजिबात येत नव्हती. दुभाष्या म्हणून वरचीला उभी केली. एका बाजूला भाऊ आणि वस्तीतले म्हातारे, दुसऱ्या बाजूला नवरा, सासू आणि गावातली रिकामटेकडी मंडळी. मध्ये ही, उन्हात, डोक्यावर पदर ओढून.

"आधी नावाचं सांगा," साहेब म्हणाला.

वस्तीतला सगळ्यांत म्हातारा बोलला. वरचीने सांगितलं, "ते म्हणतात, ह्याचा अर्थ निजवलं." कुंभार बोलला. वरचीने उलट बाजूला सांगितलं, "ते म्हणतात, ह्याचा अर्थ मऊ." म्हातारा संतापून काही म्हणाला, तेही सांगितलं. दिवसभर तिच्या तोंडात दुसऱ्यांचीच वाक्यं होती. ते म्हणतात, हे म्हणतात. स्वतःचं एक अक्षर तिने उच्चारलं नाही. तिला कोणी विचारलंही नाही.

साहेबाने ते नाव दोनतीनदा स्वतःशी घोळवलं आणि हसला. "आमच्या भाषेत पण आहे की हा शब्द. आमच्यात उरलंसुरलं असेल त्याला म्हणतात. ताटातलं म्हणा, शेतातलं म्हणा." गावातली दोघं-तिघं साहेब हसला म्हणून हसली. "तेव्हा नावाचं सोडा. नाव काय, ज्याच्या तोंडी पडेल त्याचं. जमिनीत काय आहे ते बघू. माणसं पुरलेली निघाली तर तुमचं, नाही निघाली तर कुंभाराचं. आहे कबूल?"

वरचीने दोन्ही बोलींत सांगितलं. दोन्हीकडून माना हलल्या. कुंभाराने तर हात झटकून म्हटलं, "खणा कुठेही." त्याला खात्री होती. आज्याच्या वेळेपासून तिथे खापरांपलीकडे काही टाकलेलं नव्हतं.

वरची मजुरांच्या कुदळींकडे बघत होती.

मजुरांनी पहिला खड्डा घेतला. हातभर खाली राख, राखेत खापरं. वस्तीतले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. "राख आणि मडकी," एकजण म्हणाला. कुंभार पुढे झाला. "आव्याची राख आहे ती. हे बघा, हा गळ्याखालचा अंगठा. माझ्या बापाचा. आमच्या घरात प्रत्येक मडक्यावर अंगठा दाबतात." साहेबाने खापर हातात घेऊन उलटसुलट केलं आणि टाकून दिलं. दुसऱ्या खड्ड्यातही तेच. तिसऱ्यातही तेच. कुंभाराचा चेहरा खुलायला लागला. म्हातारीने तर सावली बघून बैठक मारली.

ऊन चढलं तसं मजूर पलीकडच्या कडेला सरकले. तिथे एक जुनं बोरीचं झुडूप होतं आणि त्याच्या बुडाशी फार पूर्वी मिटवलेला खड्डा. आणि वरची, कोणी काही म्हटलं नसताना, चालत जाऊन त्या जागेवर उभी राहिली.

"इथे काही नाही," ती म्हणाली. "खापरंच आहेत. मीच टाकलीत." हे तिने खालच्या बोलीत सांगितलं. वरच्या बोलीत सांगायचं विसरली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी ही बोरं चोरून आणायची, आणि आई ओरडत आली की त्यांच्यावर पाय ठेवून उभी राहायची. पायाखालचा रस बाहेर येईपर्यंत हलायची नाही. दादाच चहाडी करायचा.

"तिला बाजूला व्हायला सांगा," दादा म्हणाला. हे साहेबाला कोणी उलगडून सांगायची गरज पडली नाही, दादाने हातानेच दाखवलं.

वरची हलली नाही. मग मजुराने "बाई, सरा जरा," म्हटलं, तशी सरली.

खापरांचा एक थर निघाला, मग राख, मग पुन्हा खापरं. त्याखाली कुदळीला न लागता, मजुराच्या हाताला काहीतरी गोल लागलं. त्याने हाताने माती सारली. रुंद तोंडाचं, अख्खं मडकं होतं. तोंडावर पसरट मातीचा परळ झाकलेला आणि कडेने ओल्या मातीचा लेप देऊन बंद केलेला. मजुराने परळ उचलला, आत पाहिलं, आणि पुन्हा ठेवला. म्हणाला, "लहान आहे हो."

वस्तीतले म्हातारे खाली बसले. बसता बसता त्यांच्यातला एक तोच शब्द म्हणाला. निजवलं.

कुंभार मडक्याकडे बघत होता. अंगठा पाहायची त्याला गरज नव्हती. काठ दुहेरी होता. एका काठाच्या आत दुसरा काठ, म्हणजे गरम पाणी हिंदकळलं तरी बाहेर सांडून पोरावर पडणार नाही. असलं मडकं त्याने जन्मात एकच केलं होतं. वरची पोटुशी होती तेव्हा, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याला. चाकावर तीनदा कोसळलं होतं ते. बाळ मेलेलंच आलं, आणि नंतर ते मडकं घरात कधी दिसलं नाही. त्याला वाटलं, आईने फोडलं असेल, त्याला दिसू नये म्हणून. आईला वाटलं, पोराने फोडलं. एकमेकांना कोणी विचारलं नाही. पुढे कूस पुन्हा उजवलीच नाही, आणि न विचारायची सवय होऊन गेली.

"मडकं माझं आहे," कुंभार म्हणाला.

"मडकी इथे सगळी तुझीच आहेत रे," साहेब म्हणाला. "आत आहे ते कोणाचं?"

दादा पुढे आला, त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं. तो त्या मडक्याला आपला कोणी जुना पूर्वज समजून वाकायला निघाला होता, आणि ते वरचीला पाहवलं नाही. गप्प राहिली तर माती जाणार होती. बोलली तर निदान माती राहील, असं तिला त्या घडीला वाटलं. पण खरं सांगायचं तर मातीसाठी ती बोललीच नाही. दुसऱ्या कोणी त्याला आपलं म्हणू नये, एवढ्यासाठी बोलली.

ती बोलली ते माहेरच्या बोलीत. तोंडातून तेच आलं. "ते माझं आहे, दादा. माझी मुलगी आहे. नदीत सोड म्हणाले होते. मला नाही टाकवली पाण्यात. इथे आणून निजवली."

दादाच्या हातातलं मुंडासं तसंच राहिलं. वस्तीतल्या सगळ्यांना कळलं. नवऱ्याला कळलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, साहेब तिच्याकडे बघत होता, सासू उठून उभी राहिली होती. आणि सकाळपासून लागलेल्या सवयीने वरची त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली,

"ती म्हणते, ते तिचं मूल आहे."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. पण वाक्य दुरुस्त करण्याचं बळ उरलं नव्हतं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "बाई कुठली?"

"आमची," दादा म्हणाला. एवढी खालची बोली त्यालाही येत होती. "आमची माहेरवाशीण. आमच्या रीतीने पुरलंय. म्हणजे आमचं माणूस इथे आहे."

"घरची सून आहे ती," कुंभाराची आई म्हणाली. "ते आमचं पोर आहे."

"कोणाचं का असेना," साहेब म्हणाला. "पुरलेलं निघालं तर काय करायचं ते तुम्ही दोघांनी कबूल केलंय. आणि माणूस पुरलेल्या जागेत मलाही कुदळ मारू देता येणार नाही. ह्या कुंभाराला तरी आता इथली माती तुडववेल का? विचारा त्याला."

कुणी विचारलं नाही. मजुरांनी मडकं होतं तसं ठेवून वर माती लोटली. लोटताना खापरंही गेली, राखही गेली. खड्डा पुन्हा मिटला.

नंतर कुंपण आलं. आधी दगड रचले, मग काटे लावले. उघडे राहिलेले खड्डे वस्तीतल्या माणसांनी सारखे केले. कुंभार आता नदीपलीकडच्या बांधावरून माती आणतो. भरड माती. कितीही चाळा, कितीही तुडवा, खडा राहतोच, आणि आव्यात मडकं त्या खड्यापाशी तडकतं. पूर्वी दहा वाजवली तर एखादं भदभदायचं, आता खणकन वाजणारं कान देऊन शोधावं लागतं. फुटकी आता अंगणातच ढीग करून ठेवतात. टाकायला जागा नाही.

म्हातारी सुनेला एका शब्दाने बोलली नाही. वरची वाट बघत होती, शिव्या घातल्या असत्या तर मोकळं वाटलं असतं. एक दिवस दोघी शेजारी शेजारी माती तुडवत होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल. म्हातारी पायाकडे बघतच म्हणाली, "मी तुला नदीवर पाठवलं होतं."

"हो."

"बाळंतीण बाई. एकटी. मी यायला हवं होतं बरोबर."

वरची पाय टाकत राहिली. थोड्या वेळाने म्हातारीचा तोल गेला तेव्हा तिने तिला दंडाला धरून सावरलं आणि सोडलं नाही.

कुंभार मात्र बोलायचा. मीठ दे, पाणी तापव, चाकाची खुंटी कुठे ठेवलीस. तेवढंच. तिला तो 'वरची' म्हणेनासा झाला होता. दुसरंही काही म्हणत नव्हता.

थंडी पडायच्या आधी आईला खाली आणलं. गोठ्यातून, तीच घोंगडी, वरून नवी चादर. वरची कुंपणाच्या आत गेली. तिला आत जायला कोणाची परवानगी लागत नव्हती. आईला बोरीच्या झुडपाजवळ जागा दिली होती. दादाने मुद्दाम दिली होती, नात शेजारी म्हणून. सगळं आटोपलं तेव्हा दादाला कुंपणाच्या फटीतून कुंभार दिसला. तो नदीवरून पाणी न्यायला निघाला होता, खांद्यावर कावड, दोन्ही घडे रिकामे. थांबला नव्हता, फक्त चाल मंद झाली होती.

दादा कुंपणापाशी गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ होता. मोडक्यातोडक्या खालच्या बोलीत तो म्हणाला, "पाव्हणं, आत या. तुम्हाला कोण अडवणार? तुमची पोर आहे इथे."

कुंभाराने कावड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"माझी नदीत आहे," तो म्हणाला.

आणि तो उतारावरून खाली गेला. वरची कुंपणाच्या आतून बघत होती. ही जागा उंचावर होती, तिथून नदी स्वच्छ दिसे, हे तिने मुलीला निजवलं त्या वेळीच पाहून ठेवलं होतं. तो घोट्याभर पाण्यात उतरला. दोन्ही घडे भरले. मग रोजच्या सवयीने वाकून एका घड्यातलं ओंजळभर पाणी काढलं आणि परत नदीत सोडलं.

चिखलाला पाणी आणायला तो रोज तिथे जात होता, इतकी वर्षं. तो हे करतो, हे तिला माहीत नव्हतं.